मैत्रीचे जवळचे शत्रू

बुद्धवंदनेनंतर विहारात मैत्रीभावना होते. सर्व प्राणिमात्रांच्या सुखाची कामना करून उपासक-उपासिका घरी परततात. परंतु ज्याच्याविषयी मनात कटुता आहे असा भाऊ, शेजारी किंवा धम्मबंधू दुसऱ्या दिवशी समोर आला की ती भावना कोठे जाते? सर्वांविषयी मैत्री बाळगणे सोपे असते. त्या एकाविषयी बाळगणे कठीण असते. आपल्या समाजापुढे याहून अवघड असा आणखी एक प्रश्न आहे. ज्यांनी पिढ्यानपिढ्या अवमान सोसला, त्यांनी मैत्री करावयाची म्हणजे पुन्हा निमूटपणे सोसत राहावयाचे काय? या दोन्ही प्रश्नांचा विचार पाचव्या शतकातील एका ग्रंथाच्या आधारे करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

हा ग्रंथ म्हणजे ‘विसुद्धिमग्ग’. आचार्य बुद्धघोष यांनी श्रीलंकेतील अनुराधपूरच्या महाविहारात तो पाली भाषेत रचिला. शील, समाधी आणि प्रज्ञा या क्रमाने त्याचे २३ परिच्छेद आहेत. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी यांनी या ग्रंथाचे संपादन केले व त्याची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईस प्रकाशित झाली. त्यातील नवव्या परिच्छेदात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार ब्रह्मविहारांचे विवेचन आहे.

आचार्यांचे सूक्ष्म निरीक्षण असे की, यांतील प्रत्येक भावनेला दोन शत्रू असतात. एक दूरचा आणि एक जवळचा. दूरचा शत्रू डोंगरदरीत दडलेल्या वैऱ्यासारखा असतो. तो उघड विरोधी असल्यामुळे ओळखता येतो. जवळचा शत्रू मात्र सोबतीने वावरणाऱ्या वैऱ्यासारखा असतो. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष, तर जवळचा शत्रू आसक्ती. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य, तर जवळचा शत्रू संसारातील हानीतून उपजणारा शोक. मुदितेला अरती दूरून मारते आणि ऐहिक लाभाचा हर्ष जवळून. उपेक्षेचे दूरचे शत्रू राग म्हणजे आसक्ती, आणि प्रतिघ म्हणजे चीड. जवळचा शत्रू अज्ञानातून आलेली बेफिकिरी.

हे वर्गीकरण केवळ ध्यानाच्या आसनापुरते नाही, असे आमचे मत आहे. मुलाने आपल्याच इच्छेप्रमाणे वागावे असा हट्ट धरणारा पिता त्याला प्रेम म्हणतो. वस्तुतः ती आसक्ती असते. शेजाऱ्यावरील अन्याय पाहून जो मान फिरवितो, तो स्वतःस समचित्त समजतो. वस्तुतः ती बेफिकिरी असते. उघड द्वेष करणाऱ्याला आपण फसत नाही. फसतो ते सद्गुणाचा वेष घेतलेल्या विकाराला, आणि तो विकार बहुधा आपल्याच मनात असतो.

आता पहिला प्रश्न. मैत्रीचा आरंभ शत्रूपासून करू नये, असे आचार्य सांगतात. प्रथम स्वतः, मग आदरणीय गुरू, नंतर प्रिय मित्र, त्यानंतर तटस्थ व्यक्ती आणि अखेरीस वैरी, असा क्रम आहे. वैऱ्यापाशी येऊन चित्त अडले, तर उपायही दिले आहेत. रागावलेला मनुष्य दुसऱ्यावर फेकण्यासाठी निखारा उचलतो, पण प्रथम त्याचाच हात भाजतो, हे ध्यानी घ्यावे. आपण नेमके कशावर रागावलो आहोत, त्याच्या केसांवर की नखांवर, असा शोध घ्यावा. एवढ्यानेही राग शमला नाही, तर दान द्यावे. चित्तलपब्बत विहारात एका वडीलधाऱ्या थेरांनी एका भिक्खूस तीन वेळा निवासस्थानातून उठविले होते. त्या भिक्खूने आपल्या उपासिका मातेने दिलेले मौल्यवान भिक्षापात्र त्याच थेरांना अर्पण केले. आपल्या संस्थांतील व कुटुंबांतील कित्येक जुनी भांडणे अशा एका पावलासाठी अडून राहिली आहेत.

परंतु दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या कथेने मिळत नाही, कारण तेथे दोघेही एकाच संघातील होते. ते उत्तर आम्हाला ‘सीमासंभेद’ या विवेचनात सापडते. कल्पना अशी आहे: साधक, त्याचा प्रिय मित्र, एक तटस्थ आणि एक वैरी, असे चौघे बसले आहेत. दरोडेखोर येऊन बळी देण्यासाठी एक भिक्खू मागतात. साधकाने वैऱ्याकडे बोट दाखविले तर त्याच्या मनातील सीमा मोडली नाही, हे उघडच आहे. पण ‘मला न्या, या तिघांना सोडा’ असे तो म्हणाला, तरीही ती मोडली नाही, असे आचार्य सांगतात. कारण त्याने स्वतःला इतरांहून वेगळे काढले. चौघांपैकी एकही जण देण्याजोगा दिसत नाही, तेव्हाच सीमा मोडते.

आचार्य ध्यान करणाऱ्या साधकाविषयी बोलत आहेत. समाजव्यवहारापर्यंत त्याचा विस्तार आम्ही करीत आहोत. या विस्ताराचा अर्थ स्पष्ट आहे. स्वतःचा बळी देणे ही मैत्री नव्हे. जी मैत्री अवमानितांना त्यांचा स्वाभिमान सोडावयास सांगते, ती मैत्रीच नव्हे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात करुणेच्याही पुढे जाणारी मैत्री सद्धम्माचे लक्षण मानली, आणि त्याच विवेचनात माणसामाणसांतील सामाजिक अडसर दूर करणे हेही सद्धम्माचे लक्षण सांगितले. बाबासाहेबांच्या विचारात या दोन गोष्टी शेजारी आहेत, हे आम्हाला अर्थपूर्ण वाटते.

याचे उदाहरण धम्मदीक्षेच्या पूर्वीच घडले होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेऊन परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला. बाबासाहेबांनी संतप्त अनुयायांना प्रतिहल्ला करू दिला नाही. पण पाण्यावरील हक्कही सोडला नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल देईपर्यंत तो लढा दहा वर्षे चालला. वैऱ्याचाही बळी नाही आणि स्वतःचाही नाही.

म्हणून मैत्रीभावना करताना आपण दोन गोष्टी तपासाव्यात. चौघांपैकी कोणाला आपण मनातल्या मनात दरोडेखोरांच्या हाती दिले आहे काय? आणि ज्याला आपण मैत्री म्हणतो, तो तिचा जवळचा शत्रू तर नाही ना?