प्लॅस्टिकचे पिस्तूल झिजते कोठे?

ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ साली ‘ग्लॉक १७’ पिस्तूल स्वीकारले. त्याचा सांगाडा नायलॉनजातीच्या बहुवारिकाचा, म्हणजे पॉलिमरचा आहे. नायलॉनची घनता पोलादाच्या सुमारे एक सप्तमांश; त्यामुळे वजन घटले. पण प्रत्येक गोळीगणिक वरची पोलादी स्लाइड वेगाने मागेपुढे सरकते. मग मऊ सांगाडा झिजून का जात नाही?

कारण स्लाइड नायलॉनवर घासतच नाही. सांगाडा साच्यात घडवतानाच त्यात पोलादी पट्ट्या बसवतात. त्यांच्या बाहेर आलेल्या चार टोकांवरून स्लाइड सरकते. म्हणजे पोलाद पोलादावर घासते.

बहुवारिकाच्या वाट्याला येतात ते धक्के. दर वेळी ते किंचित वाकते व पूर्ववत होते. हे हजारो वेळा घडले, की पदार्थ ‘थकतो’. त्यात सूक्ष्म भेगा पडून वाढू लागतात. स्लाइडचा वेग स्प्रिंग आवरते. ती सैल पडली, की सांगाड्यावरचा मार वाढतो. म्हणून स्प्रिंग वेळेवर बदलायची; स्वस्त भाग बदलून महाग भाग वाचवायचा.

झीज आणि थकवा यांतला फरक आपण वर्गातही पाहू शकतो. प्लॅस्टिकचा एक तुकडा पॉलिशपेपरवर घासू, दुसरा एकाच रेषेवर वाकवत राहू. पहिल्याची भुकटी निघते. दुसऱ्यावर बहुधा पांढरी रेघ उमटते. काही प्लॅस्टिके तेथेच तुटतात.