तालुक्याचा धंदा मोजायचा कसा?

पुणे जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न राज्यात वरच्या क्रमांकांत असते, हे वाचून इंदापुरात दुकान टाकणारा फसायचा. त्या आकड्यात पिंपरी-चिंचवडचे कारखाने आणि हिंजवडीचे संगणक उद्योग मिसळलेले असतात.

तालुक्यासाठी सोपा मार्ग म्हणजे वाट्यांचे गुणोत्तर. समजा, बारामतीत बिगरशेती कामांतल्या १०० माणसांमागे ६ शिलाईत आहेत आणि जिल्ह्यात ४. सहाला चाराने भागा, उत्तर १.५. एकापेक्षा जास्त म्हणजे माल बहुधा बाहेरही जातो, बाहेरचा पैसा तालुक्यात येतो. कमी असेल तर गिऱ्हाईक दुसरीकडे जात असावे. अर्थात मागणीच नसेल, हेही शक्य. भिगवणला कागदाचा एकच मोठा कारखाना, पण त्यामुळे इंदापूरचे कागद-उद्योगाचे गुणोत्तर फुगते. आपल्या छोट्या छापखानेवाल्याला त्याचा काय उपयोग?

हा हिशेब आर्थिक गणनेवरून मांडतात. २०१३ साली सुरू झालेल्या सहाव्या गणनेत घरातले धंदेही धरले होते, मालकाचा धर्मही नोंदवला होता. पीक-शेती तीत नव्हती. ऊस, डाळिंब वेगळे पाहावे लागतात.

कर लागेल या धास्तीने आपल्यातले काहीजण प्रगणकाला "धंदा नाही" म्हणून परत पाठवतात. वास्तविक २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याखाली घेतलेली माहिती कर आकारणीसाठी वापरता येत नाही. घरात भाभी रोज ब्लाऊज शिवतात ते लपवले, की सहाचे चार होतात, गुणोत्तर जवळपास एकावर येते, आणि प्रशिक्षणाची किंवा कर्जाची योजना आखणाऱ्याला बारामतीच्या शिलाईत काही विशेष दिसतच नाही.