शहर हेच पाठ्यपुस्तक

अमेरिकेत हुशार, होतकरू विद्यार्थ्यांसाठीच्या ऑनर्स शिक्षणाला वळण लावलं ते स्वॉर्थमोर कॉलेजने, १९२२ साली. अध्यक्ष फ्रँक एडलॉट रोड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले. लहान गटांतल्या चर्चा आणि परीक्षेला बाहेरचे परीक्षक, ही पद्धत त्यांनी आणली.

पुढे १९६६ साली तिथल्या ऑनर्स कार्यक्रमांची संघटना, नॅशनल कॉलेजिएट ऑनर्स कौन्सिल, स्थापन झाली. तिच्या वार्षिक परिषदेत पदवीचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या बरोबरीने आपलं काम मांडतात. संचालक मंडळावरही विद्यार्थी असतात. परिषदेतला ‘सिटी ॲज टेक्स्ट’ हा उपक्रम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. बर्निस ब्रेड या प्राध्यापिकेने तो घडवला. चार-पाच जणांचा गट अनोळखी वस्तीत पायी किंवा बसने फिरतो. दुकानाच्या पाट्या वाचायच्या, बाकावरच्या आजोबांशी बोलायचं, कोण कुठे बसतं ते टिपायचं आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर मांडायचं. असा प्रवास डोळे उघडतो.

आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी आली आहे. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. महाविद्यालयांनी या मुलांना चौथ्या वर्षी वर्गाबाहेरही जरूर पाठवावं.