कोड नको म्हणून डेव्हऑप्स?

पुण्यात संगणक क्लासच्या जाहिराती वाचत गेलं, तर डेव्हऑप्सइतकं सोपं काम दुसरं नसावं असं वाटतं. तीन-चार महिन्यांचा कोर्स, कोडिंगची गरज नाही, शंभर टक्के प्लेसमेंट. खाली टूलांची रांग: गिट, जेनकिन्स, डॉकर, कुबरनेटीस, टेराफॉर्म, एडब्ल्यूएस. टूलांची नावं खरी आहेत. बाकीचा मजकूर तपासून घ्यावा असा आहे.

‘कोडिंग जमत नाही, म्हणून डेव्हऑप्स’ हा सल्ला नातेवाईकांपासून कॉलेजातल्या सीनियरपर्यंत सगळे देतात. आता या कामाचा उगम पाहा. 2009 च्या जूनमध्ये फ्लिकर या फोटो साइटच्या जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी एका परिषदेत सांगितलं, की आम्ही दिवसाला दहापेक्षा जास्त वेळा नवा कोड चालू साइटवर चढवतो. तेव्हा कित्येक कंपन्यांत हे काम महिन्यातून एकदा, तेही देवाचं नाव घेऊन होई. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरात पॅट्रिक डेबॉय यांनी पहिली ‘डेव्हऑप्स डेज’ भरवली. कोड लिहिणारे आणि सर्व्हर सांभाळणारे एकमेकांवर ढकलत बसतात, ते थांबवायचं हा हेतू. दोन्हीकडची भाषा कळणारा माणूस हवा होता. एका भाषेला घाबरून पळालेला नव्हे.

या कामात मोठमोठी ॲप्लिकेशन्स लिहावी लागत नाहीत, एवढं मात्र खरं. पण बॅश आणि पायथन रोज लागतात, आणि लिहिण्याहून जास्त लागतं ते वाचणं. उदाहरणार्थ, सर्व्हर-डेटाबेस फाइलींत लिहून उभारायचं टूल म्हणजे टेराफॉर्म; त्यात बदल लागू करण्याआधी ‘प्लॅन’ दिसतो. समजा, एडब्ल्यूएसवरच्या चालू डेटाबेसला एन्क्रिप्शन नव्हतं आणि तुम्ही ती एक ओळ ‘ट्रू’ केली. प्लॅनमध्ये त्या ओळीपुढे बारीक अक्षरांत येतं: ‘फोर्सेस रिप्लेसमेंट’. म्हणजे जुना डेटाबेस पाडून त्या जागी नवा, रिकामा उभा राहणार. शेदोनशे ओळींच्या प्लॅनमध्ये हे दोन शब्द ज्याच्या नजरेतून सुटत नाहीत, त्याला पगार त्यासाठीच मिळतो.

दुसरा गोंधळ क्रमाचा. मुलं थेट कुबरनेटीसपासून सुरुवात करतात, कारण नोकरीच्या जाहिरातीत तो शब्द असतो. मग मुलाखतीत साधा प्रश्न येतो: सर्व्हरची डिस्क भरली आहे. ‘डीएफ’ कमांड 100 टक्के दाखवते, पण ‘डीयू’ने सगळ्या फाइलींची बेरीज केली तर निम्मी जागाही भरत नाही. उरलेली गेली कुठे?

उमेदवार कुबरनेटीसच्या व्याख्या धडाधड सांगतो आणि इथे गप्प होतो. उत्तर लिनक्सच्या स्वभावात आहे. कोणीतरी जागा करायला म्हणून भलीमोठी लॉग फाइल उडवली, पण जो प्रोग्राम तिच्यात लिहीत होता, त्याने ती अजून उघडी धरली आहे. फोल्डरमधून नाव गेलं, जागा सुटली नाही. ‘एलएसओएफ’ने असा प्रोग्राम शोधायचा आणि तो नीट रीस्टार्ट करायचा. कंटेनरही शेवटी लिनक्सवर चालणारी प्रोसेसच असते, त्यामुळे हे समजलेल्याला कुबरनेटीस पुढे महिन्या-दोन महिन्यांत उलगडतं. उलट क्रमाने गेलेला माणूस पॉड (कुबरनेटीसमधला कंटेनरांचा गट) पडला की डिलीट करून पुन्हा चालू करतो आणि ‘सुटलं’ म्हणतो. शिकायला महागडं काही लागत नाही. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकला तरी वर्षभराचा अभ्यास होतो.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. एडब्ल्यूएसची सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षा 130 मिनिटांची, 65 बहुपर्यायी प्रश्नांची, शुल्क 150 डॉलर, मुदत तीन वर्षं. अभ्यासाला शिस्त येते, बायोडेटा चाळणीतून पुढे सरकतो. नोकरी तेवढ्याने लागत नाही. कुबरनेटीसची सीकेए परीक्षा वेगळी आहे: दोन तास, प्रत्यक्ष क्लस्टरवर काम, आणि अधिकृत दस्तऐवज उघडून पाहायची मुभा. पैसे एकाच परीक्षेपुरते असतील तर मी दुसरी निवडीन. प्रश्नसंच पाठ करून ती निघत नाही.

‘क्लाउडवर टाकलं की आपोआप वाढतं, आपोआप सांभाळलं जातं’ हा समज तर नोकरी देणाऱ्यांनाही असतो. दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो तसा प्रसंग घ्या. 12 वाजून 59 मिनिटांना शांतता, एक वाजता लाखो जण एकदम. ऑटोस्केलिंग आधी भार मोजतं, मग नवं मशीन मागवतं, ते उठून कामाला लागायला काही मिनिटं जातात. तोवर पालकांनी दहा वेळा रीफ्रेश दाबलेलं असतं. मशीन वाढली तरी मागचा डेटाबेस एकच असतो. पोस्टग्रेसमध्ये एका वेळच्या जोडण्यांची मर्यादा मुळात 100 असते; वीस नवी मशीन प्रत्येकी दहा जोडण्या मागू लागली की डेटाबेसच नकार देतो. म्हणजे भार पेलायला वाढवलेली मशीनच साइट पाडतात. अशा दिवसाची तयारी आदल्या दिवशीच करायची असते: मशीन आधीच वाढवून ठेवायची, निकालाची पानं कॅशमध्ये भरायची, जोडण्यांसाठी मध्ये पूलर बसवायचा.

बिलही आपोआप सांभाळलं जात नाही. बंद केलेल्या मशीनची डिस्क भाडं मोजतच राहते, आणि फेब्रुवारी 2024 पासून एडब्ल्यूएस प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही4 पत्त्याचे तासाला 0.005 डॉलर लावतं. सरावासाठी खातं उघडणाऱ्याने पहिल्याच दिवशी बजेटची सूचना लावावी. ती साधी सूचना असते. खर्च थांबवायचा तर बसवलेलं आपणच उतरवायचं.

एआय हे काम खाऊन टाकेल का? यामल फाइल तो माझ्यापेक्षा भरभर लिहितो. पण बिघाड बहुतेक वेळा दोन टूलांच्या सांध्यात असतो, आणि तिथे जबाबदारी घेणारं माणूस लागतं. याचा नमुना म्हणजे लोकांचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब या कंपनीची 31 जानेवारी 2017 ची रात्र. दुय्यम डेटाबेस मागे पडत होता, म्हणून एका अभियंत्याने त्यावरचा डेटा पुसायची कमांड दिली. ती चालली मुख्य सर्व्हरवर. दोनएक सेकंदांत लक्षात आलं, तोवर सुमारे 300 जीबी गेलं होतं. बॅकअप पाहिले तर जागा रिकामी. बॅकअप घेणारा प्रोग्राम 9.2 आवृत्तीचा, डेटाबेस 9.6 चा, त्यामुळे तो रोज अपयशी ठरत होता. अपयशाचे ईमेल जातही होते, पण त्यांवर नीट सही नसल्याने ईमेल सर्व्हर ते नाकारत होता. त्याच अभियंत्याने सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट कामी आला. सहा तासांचा डेटा कायमचा गेला. कंपनीने दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली आणि पुढे सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. ज्याला या क्षेत्रात यायचं आहे त्याने तो अहवाल पहिल्या कोर्सच्या आधी वाचावा.

राहिला प्रश्न फ्रेशरचा. चालू सिस्टिमच्या चाव्या नवख्याच्या हाती द्यायला कोणी सहज तयार होत नाही, त्यामुळे थेट पद क्वचित मिळतं. लिनक्स ॲडमिन, सपोर्ट, टेस्टिंग, नेटवर्किंग किंवा डेव्हलपमेंटमधून आत येणारे जास्त. काही ठिकाणी ‘डेव्हऑप्स इंजिनिअर’ या पाटीखाली तीन पाळ्यांत तिकिटं बंद करायचं काम असतं. तेही वर्षभर कमीपणाचं नाही, मात्र आधी कळलेलं बरं. म्हणून मुलाखतीत आपणही विचारावं: ऑन-कॉलच्या फेरीत किती जण आहेत? आठवड्यात रात्री किती वेळा फोन वाजतो? बॅकअपमधून डेटा परत आणून शेवटचं कधी पाहिलं? आणि मागच्या मोठ्या बिघाडानंतर लिहिलेला अहवाल वाचायला मिळेल का?