जातं तेच, फिरवणारा दुसरा

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहायला गेलात तर तिथल्या दगडी जात्यापाशी जरा थांबा. घरोघरी जातं फिरवायला बायकांचे हात लागायचे. इथे डोंगराकडून मातीच्या नळांतून आणलेलं पाणी ते काम करायचं. फिरवतंय कोण, हे जात्याला कळतही नाही. फेरा मिळाला की ते दळतं.

विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम लिनक्सवर उघडताना पाहिला की मला हे जातं आठवतं.

खरं तर तो उघडायलाच नको. विंडोजच्या प्रोग्रॅमच्या फाइलची सुरुवात ‘एम’ आणि ‘झेड’ या दोन अक्षरांनी होते. मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरं. लिनक्सच्या फाइलची मांडणी वेगळी, त्यामुळे लिनक्स त्या फाइलला ओळखतच नाही. पण आत डोकावलं तर बेरीज कर, तुलना कर, पुढच्या ओळीवर जा, या प्रोसेसरला दिलेल्या आज्ञा दोन्हीकडे सारख्याच. अडतं ते मागणीपाशी. फाइल उघडणं, पडद्यावर खिडकी काढणं, छपाई करणं ही कामं प्रोग्रॅम स्वतः करत नाही, ऑपरेटिंग सिस्टमकडून, म्हणजे विंडोज किंवा लिनक्सकडून, करवून घेतो. आणि मागण्याची भाषा प्रत्येक सिस्टमची निराळी.

१९९३ मध्ये काही प्रोग्रॅमरांनी ठरवलं, की या मागण्यांना विंडोजच्या वतीने आपणच उत्तरं देऊ. त्यातून ‘वाइन’ जन्मलं. ‘वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर’ असा त्या नावाचा अर्थ सांगतात. एम्युलेटर अख्खं खोटं यंत्र उभं करतो. वाइन यंत्र उभं करत नाही, फक्त मागणी झेलतं.

समजा, प्रोग्रॅमने सी ड्राइव्हवरची लग्नपत्रिकेची फाइल मागितली. लिनक्सवर सी ड्राइव्ह नावाची गोष्टच नाही! वाइनने एका लपवलेल्या फोल्डरात त्याची जागा आधीच करून ठेवलेली असते. पत्त्यातल्या उलट्या तिरक्या रेघा ते सुलट्या करतं. विंडोजला फाइलच्या नावातलं मोठं आणि छोटं इंग्रजी अक्षर एकच, लिनक्सला ती दोन वेगळी. म्हणून वाइन फोल्डर धुंडाळून जुळणारं नाव शोधतं आणि फाइल हातात ठेवतं. पापणी लवायच्या आत हे सगळं उरकतं, आणि आपण विंडोजवर नाही याची प्रोग्रॅमला गंधवार्ता नसते.

मायक्रोसॉफ्टचा मूळ कोड न पाहता हे घडलं, याचं मला सर्वांत नवल वाटतं. छोट्या छोट्या चाचण्या लिहायच्या, खऱ्या विंडोजवर चालवायच्या, उत्तर काय येतं ते पाहायचं आणि तसंच उत्तर देणारा कोड स्वतः लिहायचा. विंडोजच्या चुकासुद्धा जशाच्या तशा उतरवायच्या, कारण एखादा जुना प्रोग्रॅम नेमका त्या चुकीवरच विसंबलेला असतो. पहिली पक्की आवृत्ती, १.०, यायला जून २००८ उजाडलं. पंधरा वर्षांची ही चिकाटी! याच पायावर व्हॉल्व्ह कंपनीचं ‘प्रोटॉन’ २०१८ मध्ये उभं राहिलं आणि विंडोजचे हजारो गेम लिनक्सवर खेळता येऊ लागले.

आपल्याला याचं काय? युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर ज्या फाँटांत टाइप व्हायचा, त्यांत देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फाँट नसेल तर पत्रिकेतल्या गणपतीच्या नमनाचा इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होतो. त्या फाँटांतली पानं कितीतरी छापखान्यांत पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लागली, आणि पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची. विंडोज ३.१च्या काळातले १६-बिट प्रोग्रॅम तर आजचं ६४-बिट विंडोज स्वतःच चालवत नाही. लिनक्सवरचं वाइन मात्र त्यांतले बरेच अजून चालवतं. माहेराने दार लावलं, तरी परक्याने घरात घेतलं!

सगळंच चालतं असं नाही. डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायची परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय न उघडणारं सॉफ्टवेअर बहुधा इथेही अडतं, कारण डोंगलला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. तरीही माळ्यावरचा जुना संगणक भंगारात घालण्याआधी त्यातल्या फाइली, फाँट आणि सॉफ्टवेअरची सीडी काढून घ्या. वाइन फुकट मिळतं. एक सुटीची दुपार त्याला द्या, आणि जे उघडेल ते लगेच युनिकोडमध्ये उतरवून ठेवा.