मोड आणि गहाण

बंगळुरूच्या नगरथपेठेत गलाईची, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करण्याची दुकानं रस्त्यावरून सहसा दिसत नाहीत. अरुंद जिना चढायचा. नायट्रिकचा वास नाकाला झोंबला की पत्ता बरोबर. भट्टीपाशी माणसं सांगलीकडची, खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी गावांतली.

सराफाकडून आलेली मोड, म्हणजे तुटक्या बांगड्या, कानातली, मुशीत टाकणखार घालून वितळवतात. मग सोन्याच्या साधारण तिप्पट चांदी मिसळायची. शुद्ध करायचं आणि आधी भेसळ! पण चांदी कमी पडली तर आम्ल सोन्याच्या आतपर्यंत पोचत नाही. रस पाण्यात ओतून दाणे करतात, दाणे नायट्रिकमध्ये उकळतात. तांबूस धूर उठतो, चांदी-तांबं विरघळतं आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. चिखलच म्हणा. ती धुऊन पुन्हा वितळवली की पिवळीधमक लगड. विरघळलेली चांदीही तांब्याच्या पट्ट्या टाकून परत मिळवतात.

"टाळेबंदीनंतर मोड लई आली," अशाच एका दुकानाचे शेठ म्हणाले. "गहाण ठेवल्यालं सुटतं तरी. हितं आल्यालं मंगळसूत्र परत मंगळसूत्र हुईत न्हाई."

मोडायचं की गहाण ठेवायचं, १९९१ मध्ये देशापुढे हाच पेच होता. परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलेलं. चंद्रशेखर यांच्या काळजीवाहू सरकारने जप्तीचं २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडच्या बँकेला विकलं, पण परत घ्यायची सोय ठेवून. धड मोड नाही, धड गहाण नाही. जुलैत, नरसिंह राव पंतप्रधान असताना, रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं विमानाने लंडनला धाडलं आणि बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडून ४० कोटी डॉलर उचलले. लोकांना कळलं ते वर्तमानपत्रातून. अडचणीत सोनं गहाण टाकण्यात गैर काहीच नाही. घरच्यांना न सांगता टाकलं, ते मला खटकतं. मनमोहन सिंगांनी २४ जुलैच्या अर्थसंकल्पात संकट उघड मांडलं, तोवर विमानं जाऊन आली होती.

कर्ज त्याच वर्षी फिटलं. सोनं मात्र तिकडेच ठेवलं गेलं. ब्रिटनमधलं सुमारे १०० टन सोनं रिझर्व्ह बँकेने मायदेशी आणलं ते २०२३-२४ मध्ये.

हे सगळं शेठनी भुकटी धुता धुता ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "टंच किती व्हता?"

टंच म्हणजे शुद्धता. लंडनच्या बाजारात हजारात किमान ९९५ लागतो, म्हटलं.

"मग त्यात काय! आमी रोजच काढतो की."