विश्लेषण : घाटातल्या वळणावर जुन्या ‘पद्मिनी’चे स्टिअरिंग उशिरा का वळते? दुरुस्तीत नेमके काय करतात?

पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी कसारा घाटात गाड्यांची रांग लागते. विहीगावचा धबधबा आणि इगतपुरीचे धुके पाहायला निघालेल्यांमध्ये एखादी चकचकीत केलेली प्रीमिअर पद्मिनीही दिसते. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली होती. 20 वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर 2023 मध्ये काळ्या-पिवळ्या पद्मिनीचा प्रवास थांबला. हौशी मालकांकडच्या खासगी गाड्या मात्र अजून धावत आहेत. रंग आणि क्रोमवर खर्च होतो, पण स्टिअरिंग कॉलमकडे फारसे कुणी पाहत नाही.

स्टिअरिंगमध्ये ‘प्ले’ म्हणजे काय?

चाक फिरवायला सुरुवात केल्यापासून पुढची चाके हलेपर्यंत जी मोकळी फेरी वाया जाते, तिला मेकॅनिक ‘प्ले’ म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 98 नुसार हा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. कागदावर 30 अंश किरकोळ वाटतात. पण 40 सेंटिमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेवर मोजले, तर ते साडेदहा सेंटिमीटर भरतात. ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. ही मोकळी फेरी पार करण्यात अर्धा सेकंद गेला तरी गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते, आणि घाटात समोरून ट्रक येत असतो. त्यामुळे ‘नियमात बसते’ एवढ्यावर या रस्त्यावर समाधान मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॉलमच ढिला आहे, हे कसे ओळखायचे?

पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग नाही. चाकाखालचा दांडा थेट स्टिअरिंग बॉक्समध्ये जातो. तिथे वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दंडगोल, ड्रॉप आर्म हलवतो आणि पुढे रॉड चाके वळवतात. (अँबेसेडरमध्ये रॅक आणि पिनियन होते, त्यामुळे तिची दुरुस्ती वेगळी.) ढिलाई या साखळीत कुठेही असू शकते. अनेक जण थेट कॉलम खोलायला घेतात, आणि इथेच पैसे वाया जातात.

आधी गाडी सपाट जागेवर, चारही चाके जमिनीवर ठेवून बंद करावी. एकाने चाक हळूहळू डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने ड्रॉप आर्म पाहावा. वर चाक फिरते पण आर्म जागचा हलत नसेल, तर दोष कॉलम किंवा बॉक्समध्ये आहे. आर्म हलतो पण पुढची चाके हलत नसतील, तर टाय रॉड एंड, आयडलर किंवा किंग पिन तपासावेत. नंतर चाक हातात धरून वर-खाली ढकलून बघावे. ते खडखडले तर वरचे बुश गेले. दांड्याच्या दिशेने आत-बाहेर सरकत असेल तर खालचे बेअरिंग सैल झाले आहे. वरचे बुश झिजण्यामागे एक साधी सवयही असते : लांब बाकासारख्या सीटवरून उठताना चाकाला धरून अंग ओढणे.

जुन्या पद्मिनीत गिअरचा दांडाही कॉलमवरच असतो. त्यामुळे कॉलम हलू लागला की हँड गिअरही अडकू लागतो, आणि लोक गिअरबॉक्सला दोष देतात.

खोलताना काय सांभाळायचे?

पहिले काम बॅटरीची वायर काढण्याचे, कारण हॉर्नची वायर कॉलममधूनच येते. मग चाक आणि दांडा यांवर जुळणारी खूण करायची. नट पूर्ण न काढता दोन-तीन आटे ठेवून पुलर लावायचा, म्हणजे चाक अचानक सुटून तोंडावर येत नाही. दांड्यावर वरून हातोडी मारू नये. तो मार थेट खालच्या बेअरिंगवर बसतो आणि चांगले असलेलेही खराब होते. गिअरच्या रॉडची लांबी सुटण्याआधी मोजून ठेवावी.

कुर्ल्याच्या कारखान्यातले उत्पादन कधीच थांबले आहे, त्यामुळे सुटा भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधावा लागतो. वरचे बुश नाही मिळाले तर लेथवर नायलॉन किंवा गनमेटलमधून बनवून घेता येते. दांडा वाकला असेल तर मात्र तो गरम करून सरळ करणे किंवा वेल्डिंग करणे टाळावे. तो बदलावाच लागतो.

स्क्रू आवळून काम भागत नाही का?

बॉक्सवर प्ले कमी करण्याचा स्क्रू असतो. तो थोडा आवळला की स्टिअरिंग तात्पुरते घट्ट वाटते, म्हणून ही सर्वांत लोकप्रिय ‘दुरुस्ती’. अडचण अशी की गाडी बहुतेक वेळ सरळ धावते, त्यामुळे वर्मचा मधला भाग जास्त झिजतो आणि कडेचा कमी. मध्यभागी प्ले शून्य होईपर्यंत आवळले, की पूर्ण वळणावर स्टिअरिंग जाम होते. म्हणजे ठाण्याच्या सरळ रस्त्यावर गाडी ठणठणीत आणि घाटाच्या वळणातून बाहेर पडताना चाक आपोआप परत येत नाही! त्यामुळे मधे किंचित प्ले ठेवून दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे. कुठे अडकले तर वर्म बदलायची वेळ आली आहे. बॉक्समध्ये ग्रीस कोंबण्याचा प्रकारही सर्रास चालतो. ग्रीस बाजूला ढकलले की दातांवर परत येत नाही. तिथे गिअर ऑइल हवे, आणि गळती असेल तर आधी सील बदलायला हवे.

जोडताना स्प्लिट पिन नव्या घालाव्यात. जॉइंटवर रबरी टोप्या असणे आणि बोल्ट-पिना नीट लॉक असणे, या दोन्ही गोष्टी नियम 98 मध्येच लिहिलेल्या आहेत.

मूळ कॉलमच ठेवावा का?

इथे हौस आणि सुरक्षितता यांची गाठ पडते. धडकेत दुमडणारा स्टिअरिंग कॉलम अमेरिकेत जनरल मोटर्सने 1967 च्या मॉडेलपासून आणला. पद्मिनीचा आराखडा त्याआधीच्या फियाट 1100 चा आहे. जोरदार समोरासमोर धडकेत असा सरळ दांडा चालकाच्या छातीकडे येऊ शकतो, आणि बुश कितीही नवे असले तरी ते बदलत नाही.

50 वर्षे उलटलेल्या गाडीसाठी 2021 च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20 हजार रुपये असून ती 10 वर्षे चालते. चासिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठे बदल केलेले चालत नाहीत, बुश-बेअरिंगची अडचण येत नाही. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही.

काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. पहिली चाचणी घाटात नको. शहापूरच्या बाजूला मोकळा, सपाट रस्ता पाहून, 20 च्या वेगाने, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून घ्यावी. 50 किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासावेत.